गोड्या पाण्याची भट्टी

माझे बाबा नौदलातून सुटून कायमचे घरी आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि मी नुकतीच शाळेत जाऊ लागले होते. त्याआधी बाबा म्हणजे वर्षाकाठी एकदा सुटीवर येणारे, लोखंडी पेटी घेऊन ओसरीवर बसणारे, फार मोठ्याने बोलणारे पाहुणे होते. पेटीतून साबण, बिस्किटं आणि मायसाठी एखादं पातळ निघायचं. आम्हाला त्यांची सवय होते न होते तोच ते परत जायचे. माझा मोठा भाऊ, ज्याला मी नुसतं भाऊच म्हणायची, मला सांगायचा की बाबा जहाज चालवतात.

जहाज ते चालवत नव्हते. ते जहाजाच्या पोटात, बॉयलरपाशी कामाला होते. महायुद्धाच्या दिवसांत अगदी कोवळ्या वयात भरती झाले आणि तिथेच, भट्टीच्या धगीत, त्यांची तरुण वर्षं गेली. गावातली माणसं त्यांना विचारायची, "समुद्र कसा असते हो?" आणि बाबा खरं तेच सांगायचे, की आपण समुद्र फारसा पाहिलाच नाही. वर यायची मुभा मिळाली की ते झोपत. इंजिनाच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान अधू झाले होते. घरी आले ते हे अधू कान, पेन्शन आणि कपड्यांची घडी घालण्याची एक विलक्षण पद्धत घेऊन.

कान अधू म्हणून त्यांना हळू बोलताच येत नसे. त्यामुळे मायशी ते जे काही बोलत ते सगळ्या आळीला कळत असे. सकाळी माय अंगणात सडा टाकत असायची आणि बाबा ओसरीवरून म्हणायचे, "आज तुह्यं लुगडं लई साजरं दिसून राह्यलं."

"हळू बोला ना जी, लोक आइकतात."

"काय म्हनलं?"

"काही नाई म्हनलं."

"मी म्हनलं, लुगडं साजरं दिसून राह्यलं." हे आधीपेक्षाही मोठ्याने.

शेजारच्या बायका विहिरीवर मायला यावरून छळायच्या. ती लाजायची, चिडायची, पण मला आता वाटतं की तिला ते आवडतही असावं. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचा सहवास सुट्यांपुरताच अनुभवला होता. आता तो माणूस दिवसभर घरात होता. तो स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा, तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचा. मायला बरं नसलं तर भाकरी थापायचा. माझ्या वेण्या तोच घालायचा, आणि त्या इतक्या घट्ट असायच्या की संध्याकाळपर्यंत माझ्या भुवया ताणलेल्या राहायच्या. आमच्याकडे असलं काही पुरुष करत नसत. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शेजारच्या खोल्यांत राहायचे आणि दोघांची शेती एकत्र पाहायचे. ते एकदा बाबांना म्हणाले, "दादा, लोक हासतात. बायकोच्या हाताखाली राह्यते म्हनतात."

"राह्यतो ना," बाबा म्हणाले. "इतकी वर्सं ती मह्याबिगर राह्यली. आता मी तिच्या हाताखाली राह्यतो."

आमचं गाव संग्रामपूरच्या खालच्या अंगाला, पूर्णा नदीकडे. संग्रामपूर तेव्हा तालुका झालं नव्हतं, आमच्यासाठी ते बाजाराचं गाव होतं. उत्तरेला सोनाळ्याच्या मागे सातपुडा निळा दिसायचा. जमीन काळी, कापूस आणि ज्वारी बरी यायची. पण विहिरींचं पाणी खारट. सगळ्या पट्ट्यालाच तसं पाणी होतं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, चहात दूध घातलं की फाटायचं, साबणाला फेस येत नसे. बाबांनी मुंबईहून आणलेला साबण आमच्याकडे नुसता हाताला चिकटून बसायचा. बाहेरून लग्न होऊन आलेल्या मुली पहिले काही महिने पाण्यावरून रडायच्या आणि मग त्यांनाही सवय व्हायची. माय खामगावजवळच्या पिंपळगाव राजाची. तिच्या माहेरचं पाणी गोड. पण इतक्या वर्षांत तिला तिकडचंच पाणी बेचव लागायला लागलं होतं.

तिचं दुखणं पायांपासून सुरू झालं. जोडवी रुतायला लागली तेव्हा तिने ती काढून ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. मग सकाळी उठली की तिचे डोळे सुजलेले दिसायचे, जणू रात्रभर रडली आहे. बाबांना तेच वाटलं. त्यांनी विचारलं, "काऊन रडली? मी काही बोललो काय?"

"कोन रडलं? झोप जास्त झाली."

"कोनी काही म्हनलं काय तुले?"

"नाई म्हनलं ना. तुमी बोलू नका आता, बाहीर आइकू जाते."

पण सूज रोजचीच झाली. बाबा तिला संग्रामपूरच्या वैद्यांकडे घेऊन गेले. वैद्यांनी काढे दिले आणि मीठ बंद करायला सांगितलं. माय अळणी भाजी खाऊ लागली. तिच्याबरोबर बाबाही अळणीच खायचे, तिला एकटीला वाटू नये म्हणून. आणि ते अळणी जेवण झालं की आम्ही सगळे विहिरीचं खारट पाणी पीत होतो. त्यात कुणाला काही खटकलं नाही. पाणी ते पाणी.

दिवाळीनंतर बाबांनी तिला खामगावला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होते, कारण मला घरी ठेवायला माय तयार नव्हती. डॉक्टरांनी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती वरच्या बाजूने पांढरी होत गेली, अंड्यासारखी. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन बोलायला लागले. पण बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनाही आवाज चढवावा लागला, आणि मायला सगळं ऐकू आलं.

"मूत्रपिंडं खराब झाली आहेत," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही. पाणी कुठलं पिता तुम्ही?"

"विहिरीचं."

"खारं?"

"हाव. तिकडं सगळं खारंच हाय."

डॉक्टरांनी स्पिरिटचा दिवा विझवला. मग म्हणाले, "पाण्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तुमच्या भागातले असे पेशंट माझ्याकडे पुष्कळ येतात. त्यांना गोडं पाणी पाजा, विश्रांती द्या. यापलीकडे माझ्याकडे फारसं काही नाही."

परतीच्या बसमध्ये बाबांनी मायची पिशवी मांडीवर धरली होती. माय खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर बाबा कपडे न बदलताच विहिरीवर गेले आणि पोहरा वर ओढून त्यातलं पाणी ओंजळीत घेऊन बघत बसले. काका तिथे बैल घेऊन आले होते. बाबा त्यांना म्हणाले, "जहाजावर बॉयलरच्या पान्यात जरासा खार उतरला का आमचा जीव खालीवर होये. नळ्या फाटतात त्यानं. बॉयलरले आमी कधी खारं पानी पाजलं नाई, आन् हिले पाजलं. इतकी वर्सं."

"दादा, पूरं गाव हेच पानी पेते," काका म्हणाले. "आपली माय पेत होती."

"आपली माय कायनं गेली?"

काका बैलांकडे वळले. आजी मी पाहिली नव्हती. पण शेवटी तिचं अंग फार सुजलं होतं, हे मी काकूंच्या तोंडून ऐकलं होतं.

त्या हिवाळ्यात बाबा बैलांची बंडी जुंपून डोंगराच्या पायथ्याकडून पाणी आणायला लागले. सोनाळ्याच्या अलीकडे एका ओळखीच्या माणसाच्या मळ्यात गोड विहीर होती. पत्र्याची टिपाडं बंडीत बांधायची, पहाटे निघायचं, संध्याकाळी परत. ते पाणी फक्त मायसाठी आणि आम्हा दोघा भावंडांसाठी होतं. बाबा स्वतः ते घेत नसत. मायला हे कळलं तेव्हा तिने पेला खाली ठेवला.

"तुमी काऊन पेत नाई?"

"मी अर्ध्या वयापर्यंत जहाजावरचं पानी पेलो. मह्या आंगात अजून गोडं पानी हाय." ते हसले, पण ती हसली नाही.

उन्हाळ्यात त्या मळ्यातली विहीर तळाला गेली. मळेवाला भला माणूस होता, पण त्याची संत्र्याची झाडं वाळत होती. तो बाबांना एक दिवस म्हणाला की आता येऊ नका, मलेच पुरत नाही. पावसाळ्यात दुसरी तऱ्हा. काळ्या मातीच्या वाटेत बंडीची चाकं आसापर्यंत रुतायची. आणि बैल काकांचेही होते, त्यांना पेरणी सोडून पाण्यासाठी हाकता येत नव्हतं. पावसाचं पाणी आम्ही भांड्याभांड्यांत धरलं, पण ते किती दिवस पुरणार.

तेव्हा बाबांनी भट्टी लावायचं ठरवलं.

जहाजावर समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून पिण्याचं पाणी करतात, हे त्यांनी आम्हाला पूर्वीही सांगितलं होतं. ते यंत्र खोलीएवढं असायचं. बाबांना त्याचं लहान रूप हवं होतं. संग्रामपूरच्या बाजारात भांड्यांना कल्हई करणारे आणि डाग देणारे एक म्हातारे कारागीर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. बाबांनी त्यांच्यासमोर जमिनीवर काडीने चित्र काढलं. एक मोठा तांब्याचा हंडा, त्याला घट्ट बसणारं झाकण, झाकणातून निघालेली नळी, आणि ती नळी थंड पाण्याच्या टिपाडातून पलीकडे जाऊन एका घागरीत सुटलेली.

चाचांनी चित्राकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. "भाईसाब, ये तो दारू की भट्टी हुई."

"पानी की है," बाबा म्हणाले. "बीवी बीमार है."

"मैं मान लूँगा," चाचा म्हणाले. "लोग नहीं मानेंगे."

पण त्यांनी ती बनवून दिली, आणि फार नीट बनवली. बाबांनी ती मागच्या अंगणात मांडली. झाकणाचे सांधे कणकेने लिंपायचे, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ लावायचा, टिपाडातलं पाणी गरम झालं की बदलायचं. दिवसभर एक माणूस तिथे बसून राहिला तर संध्याकाळपर्यंत एका माणसाला पुरेल एवढं पाणी जमायचं. बाबा बसून राहायचे. आवाज ऐकू येत नसल्यामुळे हंडा उकळतोय की नाही हे ते झाकणावर हात ठेवून ओळखायचे. त्यांचे तळवे भाजलेले असायचे, पण नौदलात ते आधीच इतके जाड झाले होते की त्यांना त्याचं काही वाटत नसे.

माय ते पाणी पहिल्यांदा प्यायली आणि म्हणाली, "याले काही चवच नाई."

मग बाबा ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतत राहायचे. हवा मिसळली की बरं लागते, असं त्यांचं म्हणणं. त्या पाण्याचा चहा फाटला नाही. एक दिवस त्यात डाळ शिजवली तर ती खरंच मऊ झाली, आणि मायने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं. काही आठवडे तिच्या डोळ्यांवरची सूज उतरल्यासारखी वाटली. ती अंगणात येऊन भट्टीपाशी बसायची. बाबा तिला जहाजावरच्या गोष्टी सांगायचे, आणि तिने हळू आवाजात काहीतरी विचारलं तरी ते तिच्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचे. भाऊ शाळेतून येऊन जाळात पऱ्हाट्या सारायचा. आम्हाला वाटलं आता ती बरी होणार.

पोळ्याच्या सुमारास पोलीस आले. दारूबंदीचे दिवस होते आणि कुणीतरी वर्दी दिली होती की नौदलातून आलेला माणूस घरामागे दारू गाळतो. दुपारची वेळ होती. जमादार आणि दोन शिपाई थेट मागच्या अंगणात शिरले. बाबा त्यांच्याकडे पाठ करून टिपाडातलं पाणी उपसत होते.

"हात वर कर," जमादार म्हणाला.

बाबांनी ऐकलं नाही. जमादाराला तो उद्धटपणा वाटला. त्याने पुढे होऊन टिपाडाला लाथ मारली. टिपाड कलंडलं, त्याबरोबर नळी ओढली गेली, झाकण उडालं आणि कढत वाफ बाबांच्या हातावर आणि मानेवर आली. ते ओरडले नाहीत. ते वळून बघत राहिले, ही माणसं कुठून आली हे त्यांना समजत नव्हतं.

माय भिंतीला धरून दारात उभी होती. ती म्हणाली, "त्याइले आइकू येत नाई. ते नेवीत होते. पानी हाय ते, पानी. मी बिमार हाओ म्हनून."

"सगळे असंच सांगतात," शिपाई म्हणाला.

भाऊने घागरीतलं पाणी पेल्यात ओतून जमादारापुढे धरलं. जमादाराने वास घेतला, घोट घेतला, आणि त्याचा चेहरा बदलला. तो माणूस वाईट नसावा. पण गावातली माणसं कुंपणाशी जमली होती आणि त्याला आता माघार घेता येत नव्हती.

"विहीर असताना पाणी कशाला उकळता?" तो म्हणाला. "हंडा साहेबांना दाखवावा लागेल."

"नेऊ नका," बाबा म्हणाले. त्यांना एवढंच समजलं होतं की हंडा चालला आहे. "ती काय पेईन?"

हंडा नेला. काका दोनदा चौकीवर जाऊन आले, सरपंचांनीही शब्द टाकला. कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी दिलाही नाही. साहेब दौऱ्यावर होते, मग सुटीवर होते. हंडा परत आला तेव्हा कापूस वेचणीला आला होता. त्याला पोचे पडले होते आणि नळीचा पत्ता नव्हता. चाचांनी नवी नळी जोडून दिली. भट्टी पुन्हा लागली. पण तोवर मायला उठवत नव्हतं. पाणी पोटात ठरत नव्हतं, मग ते गोडं असो की खारं.

बाबांनी तिला पिंपळगाव राजाला तिच्या माहेरी नेलं. आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं. मामांच्या घरी तिला अंगणाकडच्या खोलीत ठेवलं. बाबा तिचे पाय मांडीवर घेऊन बसायचे आणि तळव्यांना तेल लावायचे. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तो लवकर भरून येत नसे. बाबांचा आवाज मामांच्या सगळ्या घरभर जायचा. "इथलं पानी गोडं हाय. आता तू बरी होशील. पोरीच्या लग्नात तुले नाचवतो मी." मामी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात जायच्या.

एके सकाळी माय माझ्या वेणीकडे बघून म्हणाली, "इतली घट्ट घालत जाऊ नका. पोरीचं डोकं दुखते." बाबा "काय म्हनलं?" म्हणून तिच्या तोंडाशी वाकले. तिने पुन्हा सांगितलं नाही. ती दमली होती. त्या दिवसानंतर ती फारसं बोललीच नाही, आणि थंडी सरायच्या आत गेली. मामांच्या गावच्या नदीकाठी तिला अग्नी दिला. बाबा तिथे अगदी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी त्यांना हळू बोलताना तेव्हा प्रथमच पाहिलं. काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही.

पुढे काय करायचं हे बाबांनीच ठरवलं. आम्ही दोघांनी मामांकडे राहायचं, आणि त्यांनी एकट्याने शेत बघायचं. त्या पाण्याजवळ त्यांना आम्ही नको होतो. मी रडले, पण राहिले. भाऊ राहिला नाही. तो तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. त्याने आपली पिशवी भरली आणि बाबांच्या आधी जाऊन बसथांब्यावर उभा राहिला.

"तू इथं शाळा शिक," बाबा म्हणाले.

"तुमी एकटे कसे राह्यसाल? तुमाले दारावर कोनी आलं त आइकू येत नाई."

"मह्यं मी पाह्यतो."

"मी तेच पानी पेऊन मोठा झालो. मले काय होते."

बाबा त्याच्याशी खूप भांडले, बसथांब्यावर, सगळ्यांसमोर. पण शेवटी तो त्यांच्याबरोबरच गेला. मला वाटतं, बाबांना एकटं जायचं नव्हतं, आणि हे भाऊला कळलं होतं.

ते दोघे तिथे राहिले आणि मी पिंपळगाव राजाला वाढले. बाबा बाजाराला खामगावला आले की मला भेटायला यायचे. आल्याबरोबर मला समोर बसवून वेणी घालायचे. आता ती सैल असायची, इतकी सैल की शाळेत पोहोचेपर्यंत सुटायची. मामी ती परत घालून द्यायच्या, पण बाबा गेल्यावर.

तिकडे भट्टी रोज लागायची. बाबा भाऊसाठी पाणी काढायचे आणि तो ते घरी प्यायचाही. पण शेतात दिवसभर राबणारा तरणा मुलगा तहान लागली की समोरच्या विहिरीचंच पाणी पिणार. आणि नुकसान त्याआधीच झालं असेल तर तेही कुणाला माहीत नाही.

भाऊला नौदलात जायचं होतं. बाबांनी त्याला बॉयलरवर जाऊ नको, वर डेकवरचं काम माग, असं बजावलं होतं. भरतीसाठी ते त्याला स्वतः घेऊन गेले. भाऊ उंच होता, छाती भरलेली होती, तो धावण्यात पहिला आला. लेखी परीक्षेतही पास झाला. शेवटी वैद्यकीय तपासणी होती. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना आत बोलावलं. जुना नौसैनिक म्हणून त्यांनी बाबांना खुर्ची दिली आणि हिंदीत सांगितलं की लडके के पेशाब में खराबी है. बाबांनी त्यांना नळी दाखवायला सांगितली. त्यांनी दाखवली. पांढरी झालेली.

परत येताना ते दोघे गाडीसाठी स्टेशनवर बसले होते. हे मला भाऊने नंतर सांगितलं. तो म्हणाला, बाबा त्याच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "तुह्ये पाय सुजतात काय?"

"संध्याकाळी सुजतात."

"केव्हापासून?"

"लई दिवस झाले."

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगून तुमी काय करनार होते, बाबा?"

भाऊला त्या प्रश्नाचा फार पस्तावा झाला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. पण बाबांनी ते बरोबर ऐकलं होतं.

त्यानंतरची वर्षं मला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहेत. बाबा त्याला खामगावला नेत, अकोल्याला नेत, एकदा मुंबईला नौदलाच्या ओळखीने मोठ्या दवाखान्यातही नेलं. सगळीकडे तेच ऐकायला मिळालं. मध्ये काकांनी भाऊसाठी एक स्थळ आणलं. मुलीचे वडील घर बघायला आले, चहा झाला, सगळं पसंत पडत आलं, आणि बाबा म्हणाले, "पोराले किडनीची बिमारी हाय. त्याची माय तिच्यानंच गेली. तुमी इचार करून पाहा." त्यांच्या आवाजात ते बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. पाहुणे उठून गेले. काका संतापले. भाऊ आत होता. बाहेर येऊन तो इतकंच म्हणाला, "बरं केलं बाबा," आणि जनावरांना वैरण घालायला गेला. मुलगी त्याने आधी बाजारात पाहिली होती आणि ती त्याला आवडली होती, हे फक्त मला माहीत होतं.

भाऊ गेला तेव्हा मी खामगावला शिक्षिका व्हायचं शिकत होते. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाबा मागच्या अंगणात भट्टीसमोर बसले होते आणि खाली जाळ पेटलेला होता. सकाळी त्यांनी तो रोजच्यासारखा लावला होता आणि नंतर तो विझवायचं कुणाला सुचलं नाही. मी पाणी ओतून तो विझवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू इथं पानी पेऊ नको." एवढंच बोलले.

मग काही महिने त्यांनी एक वेगळाच ध्यास घेतला. घरोघरी जाऊन ते लोकांना सांगू लागले की विहिरीचं पाणी पिऊ नका. मायचं नाव, भाऊचं नाव घेऊन सांगायचे. कुणाच्या ओसरीवर डोळे सुजलेलं माणूस दिसलं की त्याच्याजवळ बसायचे, त्याचे पाय दाबून बघायचे. लोक ऐकून घेत. त्यांच्या दुःखाचा मान राखत. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "मंग काय पेवावं, तुमीच सांगा. तुमच्यावानी आमी दिवसभर पानी उकळत बसावं त वावरात कोन जाईन?"

बाबा तिच्या ओसरीवरून उठले. एका माणसापुरतं पाणी काढायला एक माणूस दिवसभर लागत होता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी सांगणं सोडलं. भट्टीही मोडली. हंडा काकूंना देऊन टाकला. त्या त्यात जनावरांसाठी सरकी भिजवायच्या.

माझं लग्न झालं, मी खामगावलाच राहिले. बाबांना मी किती वेळा म्हटलं की आमच्याकडे या. ते यायचे, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसायचे, तिच्या लहानशा बोलण्यातलं एक अक्षरही त्यांना ऐकू येत नसे पण ते मान डोलवत राहायचे. जावई विचारायचे, "मामाजी, इथंच राहा ना आता." बाबा म्हणायचे, "हाव, राह्यतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपले कपडे घडी करून निघायचे. ते तिकडे जाऊन काय करत होते ते मला कळत नव्हतं. शेत काकांची मुलं बघत होती. काकू म्हणायच्या, ते दिवसभर ओसरीवर बसतात, कुणाशी बोलत नाहीत. त्यांचा तो गावभर ऐकू जाणारा आवाज बंद झाला होता. त्यांनी बोलावं अशी माणसंच त्या घरात उरली नव्हती.

एका हिवाळ्यात त्यांना छातीत कफ झाला. काकांनी निरोप धाडला, मी निघाले, आणि पोहोचण्याआधीच ते गेले. त्यांचे पाय सुजलेले नव्हते. त्यांची तरुण वर्षं जहाजावरच्या गोड्या पाण्यावर गेली होती, आणि म्हणूनच ते एवढे दिवस मागे राहिले, असं मला वाटतं. हे सुदैव त्यांना नको होतं.

तेराव्यानंतर मी घर झाडलं, भांडी काकूंकडे दिली, दाराला कुलूप लावून किल्ली काकांच्या हाती ठेवली. काका म्हणाले, "घर पडून राहीन पोरी. भाड्यानं द्यावं त इथं कोन येते?" गावात नळाची योजना येणार असं तेव्हाही लोक बोलत होते, तसं ते आधीही काही वर्षं बोलतच होते. काकांचा थोरला मुलगा माझी पिशवी घेऊन थांब्यापर्यंत आला. बस उशिरा आली. आम्ही दोघं ज्वारीच्या भावाबद्दल बोलत उभे राहिलो.